विजयदुर्गाचा तुळाजी आंग्रे

आपल्या यवतमाळकडच्या मुलांना पैनगंगा आणि वर्धा ठाऊक. खाडी मात्र भूगोलाच्या पुस्तकातली. नदी समुद्राला मिळते तेथे भरतीचे खारे पाणी आत शिरते, तीच खाडी. वाघोटणच्या खाडीमुखाशी, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंनी पाणी आणि पडझडीला आलेले तट. शिलाहार राजा भोज याने तो बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधला असे मानतात. शिवाजी महाराजांनी त्याला बळकटी आणली. या किल्ल्यावरून समुद्रावर हुकमत चालविणारा शेवटचा आंग्रे म्हणजे तुळाजी.

१७२९ साली सरखेल कान्होजी आंग्रे वारले आणि पुढे मुलांत भाऊबंदकी माजली. आपल्याकडे ती बांधावरून होते, तेथे समुद्रावरून झाली एवढेच. १७३५ मध्ये बाजीराव पेशव्यांनी मानाजीला कुलाबा व संभाजीला विजयदुर्गाकडचा मुलूख देऊन दौलतीचे दोन तुकडे केले. संभाजीमागून तुळाजी आला. त्याने १७४५ मध्ये सिद्दीकडून अंजनवेल जिंकले. दस्तक न घेता जाणारे जहाज, मग ते इंग्रजांचे असो वा डचांचे, तो सोडीत नसे. इंग्रजांनी त्याला चाचा ठरविले. आपल्या किनाऱ्यावर दस्तक मागणे ही चाचेगिरी कशी, हे मला तरी उमगत नाही.

पण तुळाजी पेशव्यांनाही जुमानीत नसे आणि शेजारच्या मराठी सरदारांनाही छळी, हेही खरे. त्याला वठणीवर आणण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांचीच मदत घेतली! १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसनचे आरमार क्लाइव्हच्या सैनिकांसह विजयदुर्गापुढे आले. जमिनीवरून पेशव्यांची फौज होती. तुळाजी बोलणी करण्यास मराठ्यांच्या छावणीत गेला. १२ फेब्रुवारीस तोफांचा मारा सुरू झाला. इंग्रजांकडून पूर्वी पकडलेल्या एका जहाजाने पेट घेतला, आणि शेजारी शेजारी नांगरलेली गलबते, गुराबे एकामागून एक जळत गेली. दुसऱ्या दिवशी किल्लाही पडला.

आत सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. किल्लादेखील त्यांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबरच्या तहात बाणकोट पदरात पाडून घेऊन मग तो पेशव्यांना दिला. क्लाइव्ह तर पुढच्याच वर्षी प्लासीला पोहोचला.

तुळाजीचे उरलेले आयुष्य पेशव्यांच्या कैदेत गेले. आंग्र्यांची जहाजे दुरुस्तीसाठी जेथे येत, त्या गोदीचे अवशेष खाडीत थोडे आत गेल्यावर आजही दिसतात.