मुलाने सोडवलेला पेच

आर्थर कॉर्नबर्ग (१९१८-२००७) अमेरिकेत रॉचेस्टरला डॉक्टरकी शिकत होते, तेव्हा त्यांचे डोळे किंचित पिवळे दिसत. त्यांनी मित्रांच्या रक्तातले बिलिरुबिन मोजले आणि त्यावर पहिला शोधनिबंध लिहिला. आज या निरुपद्रवी दोषाला आम्ही गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतो. औषध लागत नाही, रुग्णाची समजूत काढायलाच वेळ लागतो!

पुढे कॉर्नबर्ग एन्झाइमकडे वळले. पेशी दुभंगण्याआधी डीएनएची नक्कल कोण करते? सेंट लुईसला त्यांनी आपल्या आतड्यातल्या ई-कोलाय या जिवाणूचा अर्क काढून त्यात किरणोत्सर्गी कण मिसळले. दहा लाखांतले जेमतेम ५० डीएनएत सापडले. एवढ्याशा खुणेवर विसंबून त्यांनी ‘डीएनए पॉलिमरेज’ वेगळे काढले. १९५९ मध्ये नोबेल मिळाले.

दहा वर्षांनी घाव बसला. जॉन केर्न्स यांना असा ई-कोलाय सापडला, ज्यात हे एन्झाइम जवळजवळ नव्हते, तरी तो मजेत वाढत होता. मग नोबेल कशाचे, अशी कुजबुज सुरू झाली. पेच सोडवला मुलानेच. थॉमस चेलो शिकत होता. हाताच्या दुखण्याने वादन थांबले, तेव्हा तो प्रयोगशाळेत शिरला आणि सहकाऱ्यांसह त्याने आणखी दोन पॉलिमरेज शोधली. त्यांतले तिसरे मुख्य नक्कलकार ठरले. वडिलांचे पहिले एन्झाइमही निरुपयोगी नव्हते. ते नसलेला जिवाणू अतिनील किरणांत चटकन मरे, कारण डीएनएची डागडुजी त्याच्याकडे होती.

१९८५ मध्ये या एन्झाइमच्या मोठ्या तुकड्याची रचना दिसली, ती उजव्या हातासारखी. तळव्यावर डीएनए, बोटे नवा घटक बसवतात, अंगठा धरून ठेवतो. गरम झऱ्यातल्या थर्मस ॲक्वाटिकस जिवाणूचे ‘टॅक’ पॉलिमरेज तपासले, तर तोच हात. एक आतड्यात राहणारा, दुसरा ७० अंशांत. घडण मात्र एका घराण्यातली. टॅकमध्ये चुका तपासणारा भागही आहे, पण निकामी. कोविडच्या आरटी-पीसीआरमध्ये आम्ही राबवले ते याच जातीचे एन्झाइम.

२००६ मध्ये तिसऱ्या पॉलिमरेजची रचना उलगडली. हात तिथेही होता, पण तळव्याची घडण निराळी, म्हणजे घराणे वेगळे. त्याच वर्षी थोरला मुलगा रॉजर याला नोबेल मिळाले. ते पाहून पुढच्या ऑक्टोबरात कॉर्नबर्ग गेले.