कोडॅकवाला ईस्टमन : स्वयंपाकघर ते लॅब

आमच्या विंगमध्ये दर सेमिस्टरला एक वाद हमखास रंगतो. ट्रेकचे फोटो रूमवरच्या इंकजेटवर काढायचे की चौकातल्या लॅबमध्ये द्यायचे? एक पार्टी म्हणते, रात्री दोनला पण प्रिंट मिळते. दुसरी म्हणते, आधी कार्ट्रिजची किंमत बघ! वाचकहो, हा वाद ज्या माणसामुळे सुरू झाला तो आपल्यासारखाच रात्री जागणारा प्राणी होता. नाव जॉर्ज ईस्टमन. (मी कॉन्व्हेंटवाला, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.)

जन्म १२ जुलै १८५४, न्यूयॉर्क राज्यातलं वॉटरव्हिल. १८६२ मध्ये वडील गेले. आई मारियाने घरी पेइंग गेस्ट ठेवून संसार ओढला. दोन मोठ्या बहिणींपैकी एक पोलिओने अधू. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा रॉचेस्टर शहरात इन्शुरन्स ऑफिसात आठवड्याला ३ डॉलरवर निरोप्या म्हणून लागला. १८७४ मध्ये बँकेत क्लार्क झाला, आठवड्याला १५ डॉलर. म्हणजे डिग्री नाही, कॅम्पस प्लेसमेंट तर सोडाच.

चोविशीच्या सुमारास त्याने सांतो दोमिंगोला फिरायला जायचं ठरवलं. ऑफिसातल्या एकाने सुचवलं, फोटो काढून आण. साहेबांनी कॅमेरा घेतला आणि ट्रिप राहिली बाजूला! कारण तेव्हाचा कॅमेरा म्हणजे बिऱ्हाडच. मोठं खोकं, जाडजूड स्टँड, तंबू, केमिकलच्या बाटल्या, पाण्याचं भांडं. काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्राव पसरायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि वाळायच्या आत तिथेच तंबूत डेव्हलप करायची. ५ डॉलर फी देऊन तो हे शिकला.

मग ब्रिटिश मासिकांत त्याला जिलेटिनच्या कोरड्या प्लेटची कृती सापडली. दिवसा बँक, रात्री आईच्या स्वयंपाकघरात जिलेटिन आणि सिल्व्हरची खिचडी. कित्येकदा इतका दमायचा की कपडे न बदलता चुलीशेजारीच घोंगडी टाकून झोपायचा. आई काय म्हणत असेल देव जाणे! १८८० मध्ये रॉचेस्टरच्या स्टेट स्ट्रीटवर भाड्याची जागा घेऊन प्लेटा विकायला सुरुवात केली, पुढच्या वर्षी हेन्री स्ट्राँग पार्टनर झाला आणि सप्टेंबर १८८१ मध्ये बँक सोडली.

आणि १८८२ मध्ये दणका बसला. दुकानांत पोचलेल्या प्लेटा निकामी निघू लागल्या. नवीन कंपनी, तुटपुंजं भांडवल. ईस्टमनने खराब माल परत घेऊन बदलून दिला. प्रयोगांमागून प्रयोग फसले, तेव्हा तो इंग्लंडला जाऊन आला. कृती तीच होती, दोष निघाला विकत घेतलेल्या जिलेटिनमध्ये. पण एक जिलेटिन चांगलं आणि दुसरं वाईट का? हे कोडं १९२५ मध्ये सुटलं, तेही त्याच्याच कंपनीच्या लॅबोरेटरीत. सॅम्युएल शेपर्डने दाखवलं की जिलेटिनमध्ये गंधकाचं एक संयुग अगदी नावापुरतं असतं, ते असेल तर प्लेट प्रकाशाला जास्त संवेदनशील होते. ते येतं कुठून? ज्या गुरांपासून जिलेटिन बनतं, त्यांनी खाल्लेल्या मोहरीसारख्या झाडांतून! मला तर हा भाग शोधापेक्षा भारी वाटतो. आपण व्हायव्हात रॉ मटेरियलची क्वालिटी म्हणून घोकतो ती हीच.

१८८८ मध्ये त्याचा कोडॅक कॅमेरा आला. हा शब्द कुठल्याच भाषेतला नाही, त्याला के अक्षर आवडायचं म्हणून बनवलेला. किंमत २५ डॉलर, आत १०० फोटोंचा रोल. रोल संपला की कॅमेराच पार्सल करायचा, सोबत १० डॉलर. गोल गोल प्रिंट आणि नवा रोल भरलेला कॅमेरा घरी परत. फोटोमागे १० सेंट पडले. बटण दाबणं तुमचं, बाकी सगळं कंपनीचं. लॅब म्हणतात ती इथून घराघरात पोचली. यात नुसता धंदा नव्हता. तेव्हाची फिल्म कागदावर असायची, वरचा पातळ थर सोलून काढावा लागे. हे किचकट काम घरी कोण करणार? १८८९ मध्ये पारदर्शक फिल्म आली आणि सोलणं संपलं. १९०० मध्ये ब्राउनी आला, फक्त १ डॉलरला.

पण ईस्टमनने घरवाल्यांनाही सोडलं नाही. घरच्या दिव्यावर प्रिंट निघणारा व्हेलॉक्स कागद लिओ बेकलँडने काढला होता, तो धंदा ईस्टमनने १८९९ मध्ये विकत घेतला. (हाच बेकलँड पुढे बेकेलाइटचा बाप!) १९०२ मध्ये डार्करूमशिवाय फिल्म धुणारं, हँडल फिरवायचं यंत्रही बाजारात आणलं. लॅबमध्ये या नाहीतर घरी करा, पैसे रॉचेस्टरलाच.

विंगवाल्यांसाठी सांगतो. चांगल्या लॅबमध्ये लेझर सिल्व्हरच्या कागदावर प्रकाश टाकतो आणि मग कागद केमिकलमधून जातो, म्हणजे ईस्टमनचीच केमिस्ट्री. इंकजेट शाईचे थेंब उडवतो, आणि आता कित्येक लॅबमध्येही तोच असतो. ४ बाय ६ इंचाला ३०० डीपीआय म्हणजे १२०० बाय १८०० पिक्सेल, दोन्हीकडे फोनचा फोटो पुरून उरतो. महिन्यातून चार फोटो काढणाऱ्याने लॅबलाच जावं, नाहीतर शाई नोझलमध्येच वाळते. हे माझं मत.

आता दुसरी बाजू. पारदर्शक फिल्मचा अर्ज हॅनिबल गुडविन नावाच्या पाद्र्याने १८८७ मध्येच केला होता. पेटंट मिळालं १८९८ मध्ये, आणि १९०० मध्ये तो गेला. खटला चालला, १९१४ मध्ये ईस्टमनच्या कंपनीने ५० लाख डॉलर देऊन मिटवला. गुडविनला स्वतःला काय मिळालं? ईस्टमनला मी इथे माफ करत नाही.

तरी त्याच माणसाने एमआयटीला सुमारे २ कोटी डॉलर दिले, १९१२ पासून मिस्टर स्मिथ या खोट्या नावाने. खरं नाव १९२० मध्ये फुटलं. तिथे त्याच्या चेहऱ्याची एक पाटी आहे आणि परीक्षेआधी मुलं तिचं नाक चोळतात. आपल्याकडे नारळ, तिकडे नाक!

लग्न केलं नाही. आई १९०७ मध्ये गेली. शेवटी मणक्याच्या आजाराने चालणं, उभं राहणं अवघड झालं. १४ मार्च १९३२ रोजी, ७७ व्या वर्षी, मित्रांना छोटीशी चिठ्ठी लिहून त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं. काही लोक याला स्टाईल म्हणतात. मला ते पटत नाही, वाईटच वाटतं. इतकी माणसं आजूबाजूला असून दुखणं एकट्याने सोसलं असणार.

त्याचं घर १९४९ पासून फोटोग्राफीचं म्युझियम आहे. आणि १९५४ मध्ये अमेरिकन सरकारबरोबरच्या तडजोडीत कंपनीला कलर फिल्मच्या किमतीत धुण्याचा खर्च धरणं बंद करावं लागलं. तिथून फिल्म कोडॅकची, पण ती कुठे धुवायची ते गिऱ्हाईक ठरवू लागलं.