पंडिता रमाबाईंचें मराठी शास्त्र

लेकरांसाठीं पवित्र शास्त्राची प्रत घेतांना आम्ही पालकमंडळी बांधणी व सोनेरी कडा आधीं पाहतों. आंतील शब्द लेकरांस कळतील कीं नाहीं, हें मागाहून. ही चिंता आयुष्यभर वाहणाऱ्या बाईंचा संबंध आमच्या कर्वेनगराशींहि आहे. महर्षि कर्व्यांनीं १९०० सालीं ज्या हिंगण्यास आपला आश्रम आणिला, तेंच हें स्थळ. आणि त्यांच्या पत्नी आनंदीबाई रमाबाईंच्या शारदासदनांतील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत.

रमाबाई १८५८ सालीं जन्मल्या. संस्कृत त्या आईजवळ शिकल्या. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं बाप्तिस्मा घेतला. पुढें केडगांवीं मुक्तिसदनांत दुष्काळांतून वांचलेल्या मुली आल्या, तेव्हां प्रचलित भाषांतरांतील जड संस्कृत शब्द त्यांस उमगेनात. पंडिता ही पदवी मिळविलेल्या बाईंनीं येथें पांडित्य बाजूस ठेविलें, हेंच आम्हांस सर्वांत मोठें वाटतें. उतारवयांत त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या, आणि सबंध शास्त्र साध्या मराठींत उतरवूं लागल्या. खिळे जुळविणें, छापणें हीं कामें आश्रमांतील स्त्रियाच करीत. १९२१ सालीं एकुलती कन्या मनोरमा वारली, तरी लेखणी थांबली नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं बाई निवर्तल्या. सबंध ग्रंथ १९२४ सालीं केडगांवींच छापून निघाला.