ज्याँ-मिशेल बास्किया : मुकुट रंगवणारा चित्रकार

कॅरिबियन समुद्रातील हैती हा देश लहान, पण त्याचा इतिहास मोठा आहे. फ्रेंचांच्या उसाच्या मळ्यांत राबणाऱ्या गुलामांनी तेथे बंड केले आणि १ जानेवारी १८०४ रोजी आपले स्वातंत्र्य जाहीर केले. विसाव्या शतकात दुव्हालिए घराण्याची हुकूमशाही व दारिद्र्य यांना कंटाळून हजारो हैतीवासी देश सोडून गेले. त्यांतील अनेकांनी न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात बिऱ्हाड थाटले. त्यांच्या मुलांपुढे मात्र एक प्रश्न उभा राहिला : आपण हैतीचे की अमेरिकेचे? ज्याँ-मिशेल बास्किया हा अशाच एका घरातला मुलगा.

त्याचा जन्म २२ डिसेंबर १९६० रोजी ब्रुकलिनमध्ये झाला. वडील जेरार हे हैतीची राजधानी पोर्ट-ओ-प्रिन्सचे. ते हिशेबनीस होते. आई मातिल्दे पोर्तो रिकन वंशाची. इंग्रजी, फ्रेंच व स्पॅनिश या तिन्ही भाषा त्याला लहानपणीच येऊ लागल्या. आई त्याला वस्तुसंग्रहालयांत नेऊन चित्रे दाखवी. सातव्या वर्षी रस्त्यात खेळताना मोटारीने त्याला धडक दिली. हात मोडला, प्लीहा काढावी लागली. इस्पितळात आईने त्याला शरीररचनाशास्त्राचा एक ग्रंथ आणून दिला. त्यातील कवट्या आणि हाडे पुढे जन्मभर त्याच्या चित्रांत येत राहिली.

शाळा अर्धवट सुटली, घरही सुटले. सतराव्या-अठराव्या वर्षी तो एका मित्रासह ‘सेमो’ या टोपणनावाने शहरातील भिंतींवर वाक्ये लिहीत हिंडे. पोटासाठी हाताने रंगवलेली पोस्टकार्डे विकी. पण १९८१ च्या एका प्रदर्शनाने जाणकारांचे लक्ष त्याच्याकडे वेधले आणि १९८२ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्याची चित्रे जर्मनीतील कासेलच्या विख्यात प्रदर्शनात लागली.

त्याची खूण म्हणजे तीन टोकांचा मुकुट. मुष्टियोद्धा जो लुईस, वादक चार्ली पार्कर अशा कृष्णवर्णीय पुरुषांना त्याने चित्रांत राजाचा आणि संताचा मान दिला. संग्रहालयांच्या भिंतींवर ज्यांना जागा नव्हती, त्यांना त्याने मुकुट घातला.

१९८३ हे वर्ष फार कठीण होते. अमेरिकेच्या आरोग्य खात्याने एड्सचा धोका असलेल्या गटांत सरसकट हैतीच्या लोकांची गणना केली. लोकांच्या नोकऱ्या गेल्या. शाळांतील कित्येक मुले आपले मूळ लपवू लागली. त्याच वर्षी भिंतीवर लिहिल्याच्या आरोपावरून अटक झालेला मायकेल स्ट्युअर्ट हा कृष्णवर्णीय तरुण मरण पावला. स्वतः भिंतींवर लिहून मोठा झालेल्या बास्कियाला ते फार लागले. त्याने त्या घटनेचे चित्र काढले. आणि त्याच वर्षी त्याने एका भव्य चित्राला हैतीच्या मुक्तिसंग्रामाचा सेनानी तुसाँ लुव्हेर्त्युर याचे नाव दिले. हैतीचे नाव उच्चारणे जड जात होते, अशा काळात ते नाव त्याने कॅनव्हासवर ठळक मांडले.

कीर्ती आली, पैसा आला. पण व्यसनही आले. त्याचा ज्येष्ठ मित्र अँडी वॉरहॉल १९८७ साली वारला आणि तो अधिकच एकटा पडला. १२ ऑगस्ट १९८८ रोजी हेरॉइनच्या अतिसेवनाने त्याचा अंत झाला. वय २७. त्याच्या मृत्यूचे उदात्तीकरण करू नये. एक मोठे काम अर्ध्यात थांबले, एवढेच खरे.

पुढे २० एप्रिल १९९० रोजी, रक्तदानावरील बंदीच्या निषेधार्थ, हजारो हैतीवासी ब्रुकलिनच्या पुलावरून उघडपणे चालत गेले. ते पाहायला तो नव्हता. २०१७ साली त्याचे एक चित्र ११ कोटी डॉलरहून अधिक किमतीला विकले गेले, ही बातमी जगभर गाजली. मला मात्र तुसाँचे चित्र अधिक मोलाचे वाटते. कॉलेजात पाऊल ठेवल्यावर आपले गाव आणि आडनाव हळू आवाजात सांगणारे आपल्यातही आहेत. बास्कियाने आपल्या माणसांची नावे मोठ्या अक्षरांत लिहिली, आणि मग त्यांच्यावर मुकुट काढला.