उसने जुनेपण : सर जोशुआ रेनॉल्ड्स

जुन्या तसबिरीस एक वेगळाच मान असतो. रंग किंचित पिवळसर झाला, छाया गडद झाल्या, की चित्रातील मुद्रा अधिक गंभीर भासू लागते. हे जुनेपण नव्या चित्रास हातानेच आणता येईल काय? या एका ध्यासापायी ज्यांनी आपल्या चित्रांचे आयुष्य पणास लावले, त्या इंग्रज चित्रकाराचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

जोशुआ रेनॉल्ड्स यांचा जन्म १६ जुलै १७२३ रोजी डेव्हन परगण्यातील प्लिम्प्टन गावी झाला. वडील तेथील शाळेत शिक्षक होते. १७४० साली लंडनमध्ये टॉमस हडसन या चित्रकाराकडे त्यांची उमेदवारी सुरू झाली. १७४९ साली नौदलातील अधिकारी केपेल यांच्या जहाजातून ते भूमध्य समुद्रात गेले आणि तेथून रोमला पोहोचले. व्हॅटिकनमधील चित्रांचा अभ्यास करताना जडलेल्या थंडीने त्यांना ऐकू कमी येऊ लागले. पुढे जन्मभर कानाशी कर्णा धरावा लागला.

इटलीत टिशियनादी व्हेनिसच्या चित्रकारांच्या कृतींतील उबदार, सोनेरी-तपकिरी झळाळीने ते मोहून गेले. ही झळाळी काही अंशी कुंचल्याची, तर काही अंशी दोनशे वर्षांत पिवळ्या पडलेल्या रोगणाची होती. काळाने सावकाश दिलेले ते देणे रेनॉल्ड्स यांना चित्र पुरे होताच हवे होते. त्यासाठी त्यांनी तेलात राळ मिसळली, मेण वापरले, काही ठिकाणी डांबराचा पारदर्शक तपकिरी रंगही दिला. या प्रयोगांच्या नोंदी ते मोडक्यातोडक्या इटालियन भाषेत ठेवीत. व्हेनिसच्या चित्रांचे रहस्य कळावे म्हणून त्यांनी काही जुनी चित्रे थर खरवडून पाहिली, असेही सांगतात.

परिणाम प्रथमदर्शनी अप्रतिम होई. परंतु डांबर पुरते वाळत नाही. वरचा थर आधी सुकून ताणला जातो आणि चित्रास रुंद भेगा पडतात. गालांवरची लाली किरमिजी रंगाची असे. ती प्रकाशाने उडून जाई. ज्यांची चित्रे काढली ती माणसे हयात असतानाच त्यांचे चित्रातील चेहरे पांढरेफटक पडू लागले! चित्राचे मोल एकरकमी न देता चित्र टिकेल तोवर वर्षासन द्यावे, अशी थट्टा होरेस वॉल्पोल यांनी केली.

तरीही गिऱ्हाईक हटले नाही. १७५८ या एका वर्षात सुमारे दीडशे व्यक्ती त्यांच्यापुढे बसल्या. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धामुळे आपल्या परिचयाचे वॉरन हेस्टिंग्ज यांचे चित्रही, ते बंगालचे गव्हर्नर होण्यापूर्वी, रेनॉल्ड्स यांनीच काढले. फिकटलेले रेनॉल्ड्सही इतरांच्या टवटवीत चित्रांहून सरस, असे सर जॉर्ज बोमाँट यांचे मत होते. १७६८ साली ते रॉयल अकॅडमीचे पहिले अध्यक्ष झाले. पुढील वर्षी 'सर' झाले. १७८९ साली डाव्या डोळ्याची दृष्टी गेली आणि कुंचला थांबला. २३ फेब्रुवारी १७९२ रोजी ते निवर्तले. लंडनच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये त्यांची समाधी आहे.

त्यांच्या चित्रांत आजही जे टिकून आहे, ते माणसाची नेमकी ओळख आणि मुद्रेतील डौल. उसनी घेतलेली छटाच आधी विटली. आपल्या मंडळाची पन्नास वर्षे मात्र एकेक करून, खरोखरीच भरली आहेत. हे जुनेपण कोणास रंगवावे लागले नाही. म्हणूनच ते टिकेल, असा आम्हांस विश्वास वाटतो.