पडीक जमिनीचा वाटा मागणारे दादासाहेब

नाशिकमध्ये दादासाहेब गायकवाडांचे नाव निघाले की पंचवटीतील काळाराम मंदिर डोळ्यांपुढे येते, आणि ते स्वाभाविकच आहे. २ मार्च १९३० रोजी सुरू झालेल्या मंदिरप्रवेश सत्याग्रहाच्या समितीचे ते चिटणीस होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबईत किंवा परदेशी असताना लढ्याचा रोजचा भार त्यांच्यावरच पडे. तथापि मंदिराच्या बंद दारापाशीच त्यांचे चरित्र संपविणे हा त्यांच्यावर अन्याय होय. उत्तरायुष्यात त्यांनी याहून कितीतरी विस्तृत लढा दिला. तो जमिनीचा होता.

भाऊराव तथा दादासाहेब यांचा जन्म १९०२ साली दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी झाला. हा तालुका आज द्राक्षबागांसाठी प्रसिद्ध आहे. त्या काळी तेथील महार कुटुंबांच्या वाट्याला जमीन येई ती वतनाची. त्या तुटपुंज्या तुकड्याच्या मोबदल्यात सरकारची आणि गावाची कामे रात्रंदिवस करावी लागत. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात याविरुद्ध विधेयक आणले, आणि १९४१ साली नाशिक जिल्ह्यातच, सिन्नरच्या परिषदेत, वतन जमिनींवरील वाढीव आकारणीस विरोध पुकारण्यात आला. जमीन हातात असूनही माणूस बांधलेला राहू शकतो, हा धडा दादासाहेबांच्या पिढीला पुस्तकातून शिकावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ मालक मानले गेले. सुधारणा मोठी होती, यात शंका नाही. परंतु ज्याच्याजवळ कूळ म्हणूनही जमीन नव्हती, जो दुसऱ्याच्या बांधावर मजुरीने राबत होता, त्याला या कायद्याने काय दिले? काहीच नाही. खेड्यातील दलितांपैकी बहुसंख्य लोक नेमके असेच होते. त्याच वर्षी नाशिकमधून लोकसभेवर निवडून गेलेल्या दादासाहेबांनी ही उणीव अचूक हेरली. त्यांनी बोट ठेवले ते सरकारी पडीक जमिनीवर. ती ज्यांना जमीन नाही त्यांना कसावयास द्या, अशी त्यांची मागणी होती.

मागणी साधी दिसते, पण तिने गावगाड्याच्या वर्मावर आघात केला. गायरान सर्व गावाचे असते असे म्हणतात; प्रत्यक्षात ज्याच्या गोठ्यात गुरे अधिक, त्याचा त्यात वाटा अधिक. ज्याच्या दावणीला एकही जनावर नाही, त्याची सामाईक मालकी कागदावरच राहते. अर्थात गायरान मोडले तर शेळ्यामेंढ्यांवर जगणाऱ्या गरिबाचेही नुकसान होते. हा आक्षेप पोकळ नाही आणि त्याचे सरसकट उत्तर आजही कोणापाशी नाही. मात्र तो बहुधा मांडला गेला तो मेंढपाळाकडून नव्हे, बागाईतदाराकडून.

१९५९ साली मराठवाडा, खानदेश आणि नाशिक भागात भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. स्वपक्षीयांचा विरोध मात्र अधिक जिव्हारी लागणारा होता. १९५७ साली स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षात लवकरच फूट पडली. भूमिहीनांसाठी रस्त्यावर उतरणे आणि डाव्यांशी हातमिळवणी करणे ही कम्युनिस्टांची वाट आहे, असे बॅ. बी. सी. कांबळे यांच्या गटाला वाटे. तो गट दुरुस्त म्हणून ओळखला गेला, आणि ओघानेच दादासाहेबांच्या अनुयायांना नादुरुस्त हे नाव चिकटले. त्यांनी ते फारसे मनावर घेतलेले दिसत नाही. जातीचा अपमान आणि पोटाची भूक हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत, हे त्यांनी कधी मानलेच नाही.

धान्यटंचाईने देश होरपळत असताना, १९६४ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांना मागण्यांची सनद सादर झाली. पडीक जमिनीचे वाटप, किमान वेतन, स्वस्त धान्य, बौद्धांना सवलती अशा त्या मागण्या होत्या. ६ डिसेंबर या बाबासाहेबांच्या स्मृतिदिनी देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत तीन लाखांहून अधिक स्त्रीपुरुष तुरुंगात गेले. मजुरी बुडवून, लेकरे कडेवर घेऊन स्त्रिया अटक करून घेत होत्या. मागण्यांचा विचार करण्याचे सरकारने मान्य केले आणि लढा आवरता घेण्यात आला. आश्वासने मिळाली, जमीन मिळाली ती तुकड्यातुकड्यांनी, आणि पुष्कळदा मुरमाड.

१९६८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. २९ डिसेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९९१ साली महाराष्ट्र सरकारने गायरानावरील १९९० पर्यंतची दलित भूमिहीनांची अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला; पण सातबाऱ्यावर नाव लागण्यासाठी अनेक कुटुंबांना त्यानंतरही तलाठ्यापासून तहसीलदारापर्यंत खेटे घालावे लागले. वनजमिनीचा हक्क मागणारे हजारो आदिवासी मार्च २०१८ मध्ये पायी मुंबईकडे निघाले, तेही नाशिकहूनच.

२००४ पासून दादासाहेबांच्या नावाने सरकारची एक योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन दलित कुटुंबास चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागाईत जमीन त्यात मिळते. ही जमीन सरकार खाजगी मालकांकडून पैसे मोजून विकत घेते. विकणारा पुढे आला नाही, तर अर्ज तसाच पडून राहतो. दादासाहेबांनी मागितली होती ती जमीन सरकारच्याच मालकीची होती.