रंग न ओळखणारा ड्रॉइंग मास्तर

लक्ष्मणराव किर्लोस्कर म्हटलं की सगळ्यांना नांगर आणि पंप आठवतात. मला ते लाल-हिरव्या वायरी बघितल्या की आठवतात. का ते सांगतो.

जन्म 20 जून 1869, बेळगाव जिल्ह्यातलं गुर्लहोसूर. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले आणि दोन वर्षांत कळलं की आपल्याला काही रंग नीट ओळखूच येत नाहीत! पण त्यांनी कागद-पेन्सिल सोडली नाही, मेकॅनिकल ड्रॉइंग धरलं. तिथे रंग नाही, रेघ बोलते. पुढे व्हीजेटीआयमध्ये ते हाच विषय शिकवू लागले.

आता आपल्या चंद्रपुरात या. मे महिन्यात पारा 46-47 वर, आणि प्रत्येक विंगमध्ये कूलर. नेहमीच्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. पत्र्याची बॉडी, खाली पाणी. फेज अर्थिंगच्या जागी जोडली तर काय होईल ते सांगायला नको. गडचिरोलीकडच्या माझ्या एका मित्राला लाल-हिरवा फरक कळत नाही (त्याला विचारूनच लिहितोय). इलेक्ट्रिकल ब्रँच सोडावी असं त्याच्या डोक्यात होतं.

पण चांगला डायग्राम रंगावर चालतच नाही. दोन उभ्या रेघा, फेज आणि न्यूट्रल. मधल्या प्रत्येक आडव्या ओळीत एक काम. एसीच्या डायग्राममध्ये थर्मोस्टॅट आणि कॉन्टॅक्टरची कॉइल एका ओळीत, त्याच कॉन्टॅक्टरचे पॉइंट कॉम्प्रेसरच्या ओळीत. दोन्हीकडे नाव एकच, ते जुळवत जायचं. वायरीच्या दोन्ही टोकांना नंबरही एकच. कॉम्प्रेसरच्या तीन पिना ओळखायलाही रंग नको. सप्लाय बंद, कपॅसिटर डिस्चार्ज, वायरी सोडवायच्या आणि मीटर लावायचा. ज्या दोन पिनांत रेझिस्टन्स सर्वांत जास्त, त्या सोडून उरलेली कॉमन. कॉमनपासून कमी दाखवते ती रनिंग, जास्त ती स्टार्टिंग. मित्र हे आता आमच्या आधी करून मोकळा होतो. बेअर टर्मिनलला हात लावण्याआधी टेस्टर मात्र लावतोच, आणि तो आम्हीही लावावा.

लक्ष्मणरावांचं पुढे काय झालं? बढती दुसऱ्याला दिली म्हणून नोकरी सोडली. बेळगावात भाऊ रामूअण्णांबरोबर सायकलचं दुकान, मग कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. लोखंडाने जमिनीत विष जातं अशी शेतकऱ्यांची समजूत, त्यामुळे पहिले नांगर विकायला दोन वर्षं लागली! तेवढ्यात नगरपालिकेने कारखान्याची जागा सोडायला लावली. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडलजवळ माळ दिला, आणि 1910 मध्ये निवडुंग तोडून किर्लोस्करवाडी उभी राहिली. कामावर घेताना ते जेलमधून आलेल्यांनाही नाही म्हणत नसत. मला त्यांची ही गोष्ट नांगराहून मोठी वाटते.

26 सप्टेंबर 1956 ला ते गेले. शीतकरणाचे कॉम्प्रेसर बनवणारी किर्लोस्कर न्यूमॅटिक पुण्यात सुरू झाली 1958 मध्ये. तिचं एकही ड्रॉइंग त्यांच्या हाताखालून गेलं नाही.